नऊ हजार सातशे पन्नास भागिले नऊशे

धाकटा वेळेत पोचला नाही. तसं काही झालेलं नाही, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, आपण सोमवार सकाळपासून सुरुवात करू.

सोमवारी सकाळी धाकटा ऑफिसात नेहमीच्या कामाला लागला. काम सोपं होतं. कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाकली, की त्याच्या कंपनीची वेबसाइट मधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगायची. अंतराला ताशी नऊशे किलोमीटरने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, झालं. तिथे विमान खरंच जातं का, हा प्रश्न खात्याबाहेरचा.

"अरे, या दोन बेटांमध्ये साधी होडीही जात नाही," शेजारच्या टेबलावरच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या.

"बाई, आपण वेळ देतो. वाहन ज्याचं त्याने बघावं."

साडेनऊला घरून ताईचा फोन आला. "बाबांचं काही खरं नाही रे. दुखणं सोसवत नाहीये. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देऊ म्हणतात, पण ते दिलं की परत जाग येईल असं नाही. बाबा म्हणतात, आधी धाकट्याला विचार, किती वेळ लागेल."

या शहरात बदली झाल्यापासून पाच वर्षांत धाकटा एकदाही घरी गेला नव्हता. येतानाची वाट तो विसरला होता; आता ती त्याला फक्त भागाकारातून माहीत होती. त्याने दोन्ही नावं टाकली. "अकरा तास वीस मिनिटं."

"नक्की?"

"ताई, माझं कामच आहे हे."

मागून बाबांचा आवाज आला, "चढण्या-उतरण्याचे धरलेस का?"

"धरले, बाबा."

"शाब्बास."

बाबांनी बस डेपोत तीस वर्षं गाड्यांच्या वेळा नोंदवल्या होत्या. दोन मिनिटं उशिरा आलेल्या गाडीकडे ते रागाने नाही, दुःखाने बघत.

विमानतळावर खिडकीतली मुलगी म्हणाली, "थेट विमान नाही, सर. दोनदा बदलावं लागेल. एकतीस तास."

"आमच्या वेबसाइटवर अकरा आहेत."

"मग त्या वेबसाइटनेच जा ना, सर."

तेव्हाच ताईला कळवायला हवं होतं. पण आपला आकडा चुकला, हे त्या बाबांना सांगायचं कुठल्या तोंडाने? त्याने फोन बंद केला आणि विमानातला नियम आहे अशी स्वतःची समजूत घातली. नियम मधल्या विमानतळांवरच्या बाकड्यांना लागू नव्हता. फोन तिथेही बंदच राहिला.

तो पोचला तेव्हा ताई अंगणात खुर्च्या घडी करून ठेवत होती. लोक येऊन गेले होते.

"अकरा तास वीस मिनिटं इंजेक्शन घेतलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "घड्याळाकडे बघत दात आवळून पडून होते. मग म्हणाले, दहा मिनिटं अजून देऊ, वाटेत गर्दी असेल. असं अडीच तास म्हणत राहिले. शेवटी मीच डॉक्टरांना हो म्हटलं."

"मला विचारायचंस."

"कुठे?"

तिने एक कागद दिला. बाबांच्या अक्षरात त्याचं नाव होतं, अपेक्षित वेळ होती. 'उशिराचं कारण' यापुढची जागा कोरी होती.

"ते तू सांगशील म्हणाले."

धाकट्याने ती जागा भरली नाही. त्याने कंपनीच्या वेबसाइटवरचा तक्रारीचा अर्ज उघडला आणि लिहिलं:

'महोदय, सदर मार्गाचा प्रवासकाल पानावर दर्शवल्याप्रमाणे अकरा तास वीस मिनिटे प्रत्यक्षात करण्यात यावा, व तो गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू धरण्यात यावा, ही विनंती.'