पाइपलाइनच्या आधी मी होतो

मित्रांनो, मी एक जुना टँकर आहे. आज माझ्या पोटात पाणी असतं, पण मला घडवलं होतं तेलासाठी. हडपसरच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रकच्या सांगाड्यावर माझी टाकी चढवली. वळणावर तेल हिंदकळू नये म्हणून तिच्यात कप्पे केले. मागे लाल रंगात 'अतिज्वलनशील' असं लिहिलं. शब्द लांबलचक, रंगाऱ्याला तो दोन ओळींत बसवावा लागला.

माझे चालक दादामियाँ येरवड्याला राहायचे. कोकणातल्या बंदरावर तेल भरायचं, सह्याद्रीचा घाट चढायचा आणि हडपसरजवळच्या डेपोत रिकामं व्हायचं, हेच आमचं आयुष्य होतं. चढावर माझं इंजिन तापलं की दादामियाँ मला कडेला घेत. मी गार होईपर्यंत दगडावर बसून डबा खात. मालक पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "या गाडीनं मला कधी दगा दिला नाही." दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे.

पुढे पुणे झपाट्यानं वाढलं. संगणकाच्या कंपन्या आल्या, घरोघरी गाड्या आल्या, तेल पुरेना. आमच्या फेऱ्या वाढल्या. दादामियाँचे डोळे कायम लाल दिसू लागले. अशातच एका सकाळी धुक्यात पोपट नावाच्या चालकाचा टँकर दरीत गेला. पोपट दादामियाँच्या डब्यातला नेहमीचा वाटेकरी होता. त्या दिवसापासून दादामियाँच्या बायकोनं, कमरजहांनं, नवरा घरी पोचल्याशिवाय जेवणं सोडून दिलं.

मग बातमी आली की बंदरापासून डोंगर फोडून थेट डेपोपर्यंत तेलाची पाइपलाइन येणार आहे. लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी हडपसरच्या मैदानावर जनसुनावणी ठेवली होती. आमच्या चालक संघटनेचे भीमराव म्हणाले, सगळे टँकर मैदानाभोवती उभे करा, आपली ताकद दिसू दे. दादामियाँ सर्वांत जुने, म्हणून पाइपलाइनच्या विरोधात त्यांनीच बोलायचं ठरलं. मीही मांडवाला लागूनच उभा होतो. कर्ण्यातून सगळं ऐकू येत होतं.

कंपनीच्या साहेबांनी नकाशा दाखवला. अपघात थांबतील, रस्ते मोकळे होतील, असं सांगितलं. उत्कर्षा नावाची संगणक कंपनीतली मुलगी म्हणाली, रोज टँकरमागे थांबून त्यांच्या पाठीवरचं सगळं लिखाण आपलं पाठ झालं आहे, आता दुसरं काही वाचायची इच्छा आहे. लोक हसले. आमचे चालक हसले नाहीत.

मग घाटातल्या वाडीवरून आलेल्या सुंदराबाई उठल्या. त्यांच्या वाडीला एकच झरा होता.

"पाइप आमच्या झऱ्याच्या डोक्यावरनं जाणार हाय," त्या म्हणाल्या. "तेल गळलं तर तुमी पाइप दुरुस्त कराल. झरा कोण दुरुस्त करनार?"

टाळ्या थांबायच्या आत बायकांच्या बाजूनं कमरजहां उभी राहिली. ती येणार आहे हे दादामियाँनाही ठाऊक नव्हतं.

"मी टँकरवाल्याची बायको आहे," ती म्हणाली. "पाइप आला पाहिजे. पोपटच्या घरी मी भेटायला गेले होते. तसं माझ्या घरी कुणी यायला नको."

 माझ्याजवळ उभे असलेले चालक दादामियाँकडे बघू लागले. भीमरावांनी त्यांना पुढे ढकललं. दादामियाँनी माइक हातात घेतला.

"ही म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले. "या मावशी म्हणतात तेही खरं. पाइप आला तर आमचं काम जाणार, हेही खरंच. साहेब, आणायचाच असेल तर झरा सोडून आणा. आणि आम्हाला सोडून आणू नका."

त्यानंतर भीमराव त्यांच्याशी बोलले नाहीत. वाद मात्र पुढे कितीतरी दिवस वर्तमानपत्रांत चालू राहिला. अखेर पाइपलाइन आली. वाडीपाशी तिला वळसा दिला, झरा वाचला. दादामियाँचं दुसरं मागणं अर्धंच ऐकलं गेलं. काही तरुण चालकांना डेपोत घेतलं. दादामियाँना वय जास्त आहे म्हणून सांगितलं. कमरजहांनं शाळेचे गणवेश शिवायला घेतले आणि घर चालवलं.

मला मालकांनी शेजारच्या मांजरी गावातल्या एका कंत्राटदाराला विकलं. माझी टाकी पुन्हापुन्हा धुतली, वरून हिरवा रंग दिला. उसाच्या शेतांत उभ्या राहणाऱ्या इमारतींना मी पाणी नेतो. ते पाणी बांधकामाला चालतं. पिण्यासाठी कुणी घेत नाही. वास जात नाही म्हणतात.

परवा दादामियाँ आणि कमरजहां भाचीचं, मिसबाचं, नवं घर बघायला मांजरीत आले होते. हिरव्या रंगातही दादामियाँनी मला ओळखलं. दोघं माझ्या सावलीत बसली.

"अहो, त्या दिवशी माझं चुकलं का?" कमरजहांनं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नसावं.

"तुझं चुकलं असतं, तर मी आज इथं बसलो नसतो," दादामियाँ म्हणाले. "पण घरी बसणं मला जमलं नाही, एवढंच."

 कमरजहांनं त्यांच्या सदऱ्यावर लागलेली माझी धूळ झटकली. मग दोघं बसथांब्याकडे सावकाश चालू लागली.

मित्रांनो, पाइपलाइनवर माझा राग नाही. घाटात आता कुणी माझ्यासारखं धापा टाकत नाही, हे चांगलंच झालं. तुम्हीही मोठे व्हाल, नवीन गोष्टी आणाल. जरूर आणा. पण नवं येतं तेव्हा जुनं यंत्र नुसतं विकता येतं. ते चालवणारा माणूस कुठेतरी बसून राहतो. त्याच्याकडे एकदा जा. तो काय करायचा, ते त्याला विचारा. तो सांगेल.

माझी टाकी भरत आली आहे. निघायला हवं.