दाजींना कुणी चालू देईना

कोन गावच्या दाजींची साखर दोनशे ऐंशी निघाली, तेव्हा पनवेलच्या डॉक्टर मुबीना म्हणाल्या, "गोळ्या देते, पण रोज सकाळी तासभर चालायचं. आणि चहा बिनसाखरेचा."

शेती होती तोवर दाजी दिवसभर चिखलात असत. मग जमीन प्रकल्पात गेली, भरपाईतून बंगला झाला, दारात दोन गाड्या आल्या. दाजी पानटपरीवरही गाडीनं जाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी ते नवे बूट घालून निघाले. शंभर पावलांवर पुतण्या भावेशनं गाडी थांबवली.

"दाजी, चालत? बसा!"

"आरं, मी मुद्दाम चालतोय."

"मंग लोक मला काय म्हनतील?"

भावेशनं दार उघडलं. आता नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. दाजी बसले.

रोज हेच. आठवडाभरात गावभर झालं की दाजींच्या बायकोनं, कमळाबाईंनी, त्यांना घराबाहेर काढलंय. उरणहून दाजींची बहीण शशिकला समजूत घालायला आली, सोबत दोन सुरमया. "वयनी, या वयात असं करू नको गं!"

कमळाबाई दाजींवर कडाडल्या. "चालायचं तर कायतरी कारन काढून चाला!"

कारण आयतंच मिळालं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती, आणि उमेदवार पायी फिरला तर लोकांना बरंच वाटतं. दाजींनी अर्ज भरला, दारोदार हिंडले. पण प्रत्येक दारी चहा, तोही पाहुण्याचा म्हणून दुप्पट गोड. नको म्हटलं तर मत जायचं. एका सकाळी त्यांनी बावीस कप रिचवले.

साखर तीनशे दहा झाली.

"हे कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लोकशाहीमुळं," दाजी खिन्नपणे म्हणाले.

निकाल लागला. मतं पडली एकोणीस. नुसत्या भाऊबंदांचीच साठ होती. दाजी तीन दिवस बाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी कमळाबाईंनी बूट पुढ्यात आपटले. "जावा! लाज मत न देनाऱ्यांना वाटू दे, तुमाला कशाला?"

रस्त्यावर समोरून भावेशची गाडी आली. दाजी सवयीनं थांबले. भावेशनं त्यांना पाहिलं, घाईघाईनं काच वर केली आणि सुसाट निघून गेला. मागची गाडीही तशीच गेली. त्या सकाळी दाजी पहिल्यांदा पुरा तासभर चालले. चहालाही कुणी बोलावलं नाही.

तीन महिन्यांत साखर एकशे तीसवर आली. आता दाजी येणाऱ्या प्रत्येक गाडीला मुद्दाम हात करतात, आणि गाड्या आणखी जोरात पळतात.