बुटक्या खुर्चीचा राग

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी लाकडी खुर्ची आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब असतात, उसासे टाकतात. मला ते जमत नाही. अन्याय माझ्यावर झाला असता, तर मी तो सोसलाही असता. पण तो दुसऱ्यावर झाला, तोही माझ्या निमित्ताने, म्हणून बोलते.

एका सुताराने मला जुन्या दाराच्या लाकडातून घडवलं. तेव्हा मी चारचौघींसारखी उंच होते. बरीच वर्षं जेवणाच्या टेबलाशी काढली. मग या घरातल्या आजोबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आंघोळीला बसवलं आणि पाय जमिनीला टेकले नाहीत, की ते घाबरायचे. आजीने करवत घेतली आणि माझे चारही पाय वीतभर कापले. पाणी निथळायला माझ्या फळीत भोकं पाडली. मला वाईट वाटलं नाही. कामाला आले, एवढंच वाटलं.

आजीची एक रीत होती. आजोबांना अचानक हात लागला की ते दचकायचे, म्हणून ती आधी सांगायची आणि मगच हात लावायची.

"अहो, आता पाय हं."

"हं," आजोबा म्हणायचे. तेवढा एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता.

"आता पाठ."

"हं."

"आता डोक्यावर पाणी. डोळे मिटा."

"हं."

नऊ वर्षं मी हे ऐकलं. आजीने याला कधी साधना म्हटलं नाही, आंघोळच म्हटलं. पण पाठ दुखत असो की घरात पाहुणे असोत, 'हं' आल्याशिवाय तिने कधी तांब्या उचलला नाही. देवाशी बोलणारी माणसंसुद्धा उत्तरासाठी एवढी थांबत नसतील.

आता त्यांच्या मुलाचं ऐका. हा शांतीच्या शोधात होता, घर तेवढं वगळून बाकी सगळीकडे. कुठल्याशा दहा दिवसांच्या शिबिरातून आला तो हळू आवाजात बोलायला लागला. मांडी घालून बसलं की त्याचे गुडघे दुखायचे. एक दिवस न्हाणीघरात त्याची नजर माझ्यावर पडली.

"आई, ही खुर्ची मी वर नेतो. ध्यानाला अगदी मापाची आहे."

"अरे, मग ह्यांची आंघोळ?"

"प्लास्टिकचं स्टूल आणून देतो ना. वस्तूत जीव अडकवू नये, आई."

वस्तूत जीव अडकवू नये म्हणे! आणि मला उचलून नेत होतं कोण? तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला मस्तक नाही म्हणून, नाहीतर घर पेटलं असतं. फळीतली भोकं त्याला दिसली नाहीत असंही नाही. त्याने त्यांच्यावर उशी टाकली.

चौथ्या दिवशी सकाळी तो माझ्यावर डोळे मिटून बसला होता. खाली धप्पकन आवाज झाला. त्याची मुलगी जिना चढून धावत आली आणि दार बडवायला लागली.

"बाबा! बाबा, दार उघड!"

मनात काही आलं तर येऊ द्यावं, जाऊ द्यावं, असं त्याला शिकवलं होतं. पोटच्या पोरीची हाकही त्याने जाऊ दिली. एक गेली, दुसरी गेली.

"बाबा, आजोबा पडलेत!"

तेव्हा कुठे तो उठला.

साबणाच्या पाण्यावरून स्टूल सटकलं होतं. आजोबांच्या उजव्या हाताचं कोपर मोडलं. त्यांना सावरताना आजीचा खांदा निखळला. मुलगा खाली मान घालून मला परत घेऊन आला. आता आंघोळ घालायला तोच उरला होता.

पहिल्या दिवशी त्याने न बोलता आजोबांच्या डोक्यावर तांब्या ओतला. आजोबा असे दचकले की माझे सांधे करकरले.

"भिंत धुतोयस का?" हात गळ्यात बांधलेली आजी दारातून कडाडली. "आधी सांग, मग हात लाव. आणि हं येऊ दे."

"आता पाय, बाबा," तो त्या शिबिरातल्या गोड आवाजात म्हणाला.

आजोबा गप्प. तो थांबला, पाणी निवालं, तरी गप्पच. शेवटी आजी म्हणाली, "होऊ द्या हो," तेव्हा हं आला. पण तो आजीला होता.

अकरा दिवस असंच चाललं. बाराव्या दिवशी तो ओल्या फरशीवर खाली बसला. गोड आवाज कुठे गेला कोण जाणे, त्याला नीट बोलताही येईना.

"बाबा, चुकलो मी. पाय धुऊ का?"

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हं."

त्याने पाय हातात घेतला आणि लहान पोरासारखा रडला. मग बोटांच्या बेचक्या एकेक करून, सांगून सांगून धुतल्या. त्या दिवशी तो वर गेलाच नाही.

तरी माझा राग गेलेला नाही. आजोबांचं कोपर आता सरळ होत नाही, आणि तोच त्यांचा धड हात होता. मुलगा शिकला, पण शिकवणी कोणाच्या हाडांवर झाली?

मित्रांनो, डोळे मिटून बसायला माझी हरकत नाही, खुशाल बसा. फक्त बसायच्या आधी एकदा डोळे उघडून बघा, आपली खुर्ची आपण कोणाच्या खालून काढून आणली आहे.