चाळणीवर राहिलेलं

मी मैद्याची चाळणी आहे. जुनी म्हणा हवं तर, माझी हरकत नाही. माझं लाकडी कडं दोन ठिकाणी चिरलंय आणि जाळी एका बाजूने खाली आलीय. पण मित्रांनो, जाळी फाटून मला अजून एकही भोक पडलेलं नाही. ही तुम्हाला बढाई वाटेल. मात्र माझी गोष्ट ऐकलीत, तर एखादं भोक असतं तर किती बरं झालं असतं, हे तुम्हालाही पटेल.

ज्या कारागिराने मला बनवलं, त्याने ही बारीक तारेची जाळी इतकी ताणून बसवली होती की टिचकी मारली तरी मी वाजायचे. तिथून मी एका बेकरीत आले. बेकरीच्या मालकांनी मला उजेडासमोर धरून पाहिलं आणि "ही कामाची आहे," एवढंच म्हटलं. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबांच्या बेकरीत न चाळलेली चिमूटसुद्धा परातीत पडत नसे. पहाटे भट्टी पेटली की मी त्यांच्या हातात असायचे. डाव्या हाताने धरायचं, उजव्या तळव्याने कड्यावर थापा मारायच्या, अशी त्यांची रीत. खाली मैदा भुरभुरत पडायचा आणि वर राहायचे खडे, गुठळ्या, सुतळीचे तुकडे. एकदा तर खिळा सापडला. तेव्हा त्यांनी तो सगळ्यांना दाखवला आणि माझं इतकं कौतुक केलं की मी हरखून गेले. वर राहिलेलं सगळं ते न बघता झटकून टाकायचे. चाळणीवर राहतो तो कचरा, हे त्यांच्या हाताला पाठ झालं होतं.

पुढे बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि बेकरी बंद झाली. परात, साचे, टेबलं सगळं गेलं. मला मात्र त्यांनी घरी आणून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलं. घरात माणसं दोनच, बाबा आणि मुलगी. मुलीची आई खूप आधी गेली होती. पाव विकतचे यायला लागले आणि माझ्यावर धूळ साचू लागली. कुणी माझ्याकडे बघेना. मी फार हिरमुसले होते.

अशात एक दिवस मुलीने काचेच्या पेटीतून एक पाल आणली. पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची. बाबांनी नाक मुरडलं. लोक घरातली पाल हाकलतात आणि आमचं लेकरू पैसे मोजून आणतं, असं ते शेजाऱ्यांना सांगत सुटले. पण आठवडाभरात तेच पेटीसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. पाल मान तिरकी करून त्यांच्याकडे बघायची. त्यांनीच तिचं नाव बाईसाहेब ठेवलं.

बाईसाहेब जिवंत किड्यांशिवाय कशालाही तोंड लावत नसत. म्हणून बाल्कनीतल्या एका टबात, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये रातकिडे आले. त्यांच्यासाठी मुलगी स्वतः खाऊ करायची. कोंडा, ओट, डाळीचं पीठ, वाळवलेलं गाजर, हिरवा पाला आणि अंड्यांची टरफलं. टरफलं आधी उकळून, वाळवून कुटायची आणि मग सगळं एकत्र करायची. रातकिड्याच्या पोटात जे जातं तेच हिच्या पोटात जातं, त्यामुळे टरफलं चुकवायची नाहीत, नाहीतर हिची हाडं मऊ पडतील, असं तिने बाबांना बजावलं होतं. कारण लवकरच हे काम त्यांच्यावर पडणार होतं. मुलगी कारखान्यांतून यंत्रं बसवते. या वेळी दूरच्या गावी काही महिने राहायचं होतं. जाताना तिने पेटीच्या काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "बाबा, ही तुमच्या भरवशावर."

बाबांनी ते फार मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोंडा निवडला, गाजरं किसून वाळत घातली, टरफलं उकळली. वाळल्यावर ते सगळं मिक्सरमधून फिरवलं. आणि मग, मित्रांनो, त्यांचा हात खिळ्याकडे आला. त्यांनी मला धुतलं, पुसलं, उन्हात ठेवलं. कड्यावर तो ओळखीचा तळवा पडला तेव्हा मला वाटलं, माझे दिवस परत आले.

पण मिक्सर जुना. त्यात टरफलं काही पिठासारखी होईनात. ती कणीदारच राहिली. कोंडाही जाडच राहिला. मी मैद्याची चाळणी. माझ्यातून खाली गेलं ते नुसतं मऊ पीठ, आणि टरफलांची पांढरी कणी माझ्यावर राहिली. बाबांनी नेहमीच्या सवयीने मला बाल्कनीत नेलं आणि वर राहिलेलं सगळं फुलझाडाच्या कुंडीत झटकलं.

मी काय करणार होते? माझ्या जाळीतून जे जात नाही, ते जात नाही. सैल पडायचं म्हटलं तरी माझ्या हातात नव्हतं.

मुलीचा फोन यायचा तेव्हा बाबा एकेक जिन्नस सांगायचे. टरफलं घातली का, असं ती विचारायची. घातली, असं ते सांगायचे, आणि ते खरंच होतं. एकदा त्यांनी वाटीतलं पीठ फोनसमोर धरलं. किती बारीक झालंय, म्हणून तिने शाबासकी दिली. पण चाळल्याचं ते कधी बोललेच नाहीत. हात धुतल्याचं कुणी सांगतं का? त्यांच्या लेखी ते तसंच होतं.

हळूहळू बाईसाहेब मंदावल्या. आधी पोट उचलून चालायच्या, आता जमिनीला घासत सरकायला लागल्या. पुढचे पाय थरथरू लागले. रातकिडा समोर आला की त्या जबडा उघडायच्या, पण त्यांना तो पकडता येत नसे. बाबांच्या जिवाला घोर लागला. खाऊतच काही खुपत असेल, असा त्यांनी अंदाज बांधला आणि तो दोनदा चाळायला लागले. जितका जीव लावत होते, तितकं मी जास्त अडवत होते. मला ओरडावंसं वाटायचं. पण थापा पडल्या की मी फक्त वाजायचे, आणि तो आवाज त्यांना आवडायचा.

इकडे कुंडीतलं झाड मात्र असं बहरलं होतं की शेजारीण कलम मागायला आली.

फोनवर बाईसाहेबांची चाल बघून मुलगी काम अर्धवट टाकून परत आली आणि त्यांना घेऊन तडक प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेली. हाडं मऊ पडलीत, जीव वाचेल, औषध चालू ठेवा, पण वाकलेला पाय सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन तिने बाबांना सगळं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच जिन्नस सांगितले. मग ती रातकिड्यांना पाणी द्यायला बाल्कनीत गेली आणि कुंडीपाशी थांबली.

"बाबा, या कुंडीला काय घालता?"

"काही नाही गं. खाऊ चाळला की वर राहतं ते. वाया कशाला घालवायचं?"

तिने मातीत बोट घातलं. पांढऱ्या कण्या बोटाला चिकटल्या. तिने त्या अंगठ्याने चोळून पाहिल्या.

"का गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. छान फुललंय झाड."

संध्याकाळी तिने मला खिळ्यावरून काढलं. टबाचं झाकण तुटलंय, ही चाळणी झाकायला बरी पडेल, असं म्हणाली. मग खाऊ कशाने चाळायचा, असं बाबांनी विचारलं. आता चाळायचा नाही, डॉक्टरांनी भरड द्यायला सांगितलंय, असं ती तोंड फिरवून म्हणाली. डॉक्टर तसं काही बोललेच नव्हते, हे मला नंतर तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

काही दिवसांनी बाबांनी खाऊ दळायला घेतला. टबावरून मला स्वयंपाकघर दिसतं. दळून झाल्यावर त्यांचा हात आपसूक खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. हात तसाच वर राहिला. मग त्यांनी मिक्सरच्या भांड्यात वाकून पाहिलं. तळाशी पांढरी कणी होती.

ते बाल्कनीत आले, कुंडीपाशी खाली बसले आणि दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता मातीतून एकेक पांढरा तुकडा वेचून तळहातावर ठेवायला लागले. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मागून मुलगी आली तेव्हा त्यांनी मूठ मिटली.

"चहा टाकू का?" ते म्हणाले.

"टाका," ती म्हणाली.

आता बाबा टरफलं खलबत्त्यात कुटतात आणि दोन बोटांत चोळून बघतात. बाईसाहेब वाकडा पाय ओढत त्यांच्या हाताशी येतात आणि चिमट्यातला रातकिडा घेतात. तेव्हा बाबा डोळे पुसतात. मुलगी ते बघते आणि खोलीत निघून जाते. त्या दोघांत त्या कुंडीचा विषय अजून निघालेला नाही. माझ्याखाली रातकिडे जाळीला धडकतात. त्यांनाही मी अडवूनच धरते.

मित्रांनो, चाळणीवर जे राहतं ते झटकण्याआधी एकदा बघत जा. आणि तुमचे हात सवयीने काय करतात, ते घरातल्या माणसांना सांगत जा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.