हात खिशात

माझ्या मामाला मशीनचा लळा, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मामा उद्यापासून निवृत्त होऊन घरी बसणार होता. त्याच्या मशीनवर मी उभी राहणार की बाहेरचा कुणी, ते आज ठरायचं होतं. आमच्या कारखान्यात परीक्षा एकच. फोमची नळी दुसऱ्या कुणाचा हात न लागता जो ड्रमवर चढवेल, मशीन त्याचं.

ऐकायला सोपं आहे. प्लास्टिकचे दाणे वितळतात, मशीनच्या पोटातला फिरता स्क्रू तो रस पुढे रेटतो, वाटेत त्यात दाबाखाली गॅस मिसळतो. मशीनच्या तोंडातून बाहेर पडताच दाब सुटतो, गॅस फुलतो आणि फुगीर नळी येते. ती ओढून थंड ड्रमवर चढवायची. पुढे पातं तिला चिरतं आणि तिची सपाट शीट होऊन रोलवर जाते.

पहिली नळी मी ड्रमच्या काठापर्यंत आणली. ती जरा डगमगली, तोच मामाचा हात मध्ये आला. प्रेमानंच आला, पण आला.

"हात लागला, बाद," सुपरवायझरबाई म्हणाल्या. "आता एकदाच. शेवटचं."

"मामा, तू माझा आहेस की त्या बाहेरच्याचा?" मी कडाडले.

"अगं, मेली सवय जाते का?"

"हात खिशात घाल. दोन्ही."

दुसरी नळी आली ती मरगळलेली. अंगावरचे बुडबुडे पटापट फुटत होते. मामानं तोंड उघडलं.

"जीभसुद्धा खिशात!"

माल जास्त गरम होता. तसाच ओढला असता तर चिंध्या हाती आल्या असत्या. मी मशीनच्या तोंडाजवळचं तापमान उतरवलं आणि थांबले. थांबणं माझ्या रक्तात नाही, दातओठ खाऊन थांबले. हळूहळू नळीनं अंग धरलं. मग मात्र मी ती दोन्ही हातांनी पकडली, एका दमात ओढली, ड्रमवर चढवली, पात्याखालून काढली आणि रोलला लावली. पांढरीशुभ्र शीट सरसर गुंडाळली जाऊ लागली.

"मशीन तुझं," बाई म्हणाल्या.

मामाच्या खिशातल्या मुठी अजून आवळलेल्याच होत्या.

"काढू का गं आता?"

"काढ."

त्याचा हात सवयीनं मशीनकडे गेला, मध्येच थांबला आणि माझ्या डोक्यावर आला.