टनाला एक ग्रॅम

भिंगरीच्या मामाच्या खोलीत दोनच गोष्टी असायच्या, दात आणि जहाजं. दिवसभर तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवायचा, आणि पाच वाजले की टेबलावरचे जबडे बाजूला सारून त्याच कानशीनं, त्याच बारीक चिमट्यानं जुन्या युद्धनौकांच्या प्रतिकृती करायला बसायचा. नवा माणूस खोलीत शिरला की त्याला वाटायचं, फळीवरच्या सगळ्या कवळ्या त्या जहाजांकडे बघून हसतायत. भिंगरीला त्याचं काहीच नव्हतं. आठव्या वर्षापासून ती तिथे पडीक असायची, आणि आता सोळाव्या वर्षी तिचा हात मामाइतकाच स्थिर झाला होता.

जिभेचं म्हणाल तर घरात ही भिंगरी आणि शाळेत तोंडाला कुलूप, अशी दोन वर्षांपूर्वीपर्यंतची गत. मग विज्ञान प्रदर्शनात तिनं मामाच्या एका नौकेबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि ते मिटायचंच विसरली. कुलूप कुठे पडलं कोण जाणे, पण किल्ली शोधायला कोणी गेलं नाही.

यंदा तर तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. गोदीत एक जुनी, पाण्यातले सुरुंग वेचणारी युद्धनौका दुरुस्त होत होती. तिचं तरंगतं संग्रहालय होणार होतं. शनिवारी सकाळी उद्घाटन, तीनशे पाहुणे, त्यात अख्खी शाळा. भिंगरीनं आणि मामानं केलेली त्या नौकेची साठ सेंटिमीटरची प्रतिकृती तिथे मांडणार होते, आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलायला भिंगरीला बोलावलं होतं. माईकवर.

"दोन शब्द?" मामा म्हणाला. "तुला दोन शब्दांत नुसतं 'हो' तरी म्हणता येतं का?"

"येतं की. पण त्याच्या आधी थोडी प्रस्तावना लागते."

बुधवारी संध्याकाळी कामावरून थेट बाबाही तिथे आले. बाबा गोदीत वेल्डर, आणि गेले सात महिने त्याच नौकेवर. गोदीच्या साहेबांनी नौकेवर पाहुण्यांसाठी एक नवा वरचा डेक चढवून घेतला होता, तो प्रतिकृतीतही हवा होता. बाबांनी त्याची मापं वेल्डिंगच्या सळ्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून आणली होती.

"वजन किती, बाबा?"

"चाळीस टन जवळजवळ. सगळं पोलाद."

भिंगरीनं मनात शंभरानं भागलं, कारण प्रतिकृती खऱ्याचा शंभरावा हिस्सा होती. "म्हणजे चारशे किलो?"

"बस मग मांडीवर घेऊन," मामा म्हणाला. "अगं, लांबी शंभर पट लहान, रुंदी शंभर पट आणि उंचीही. तिन्हींना भाग. सोपं लक्षात ठेव, टनाला एक ग्रॅम."

चाळीस ग्रॅम. भिंगरीनं पितळी पत्र्याचा डेक कापला, वजनकाट्यावर ठेवला, बरोबर चाळीस भरला. कधी नव्हे ते मामानं "वा" म्हटलं.

पोटातलं शिसं तर आधीपासून होतंच. मामाची ती जुनी शिस्त, नौका शोकेसमध्ये ठेवायची असली तरी पाण्यात घालून पाहायचीच, आणि पाण्यात घालायची तर पोटात इंजिनांच्या वजनाइतकं शिसं भरायचंच. रिकाम्या पोटी कोणाला पाठवायचं नाही, असं तो म्हणायचा, आणि शिश्याच्या पट्ट्या ठासत आईसारखं विचारायचा, "भरलं का पोट?"

"इंजिनांचे नव्वद ग्रॅम," भिंगरी पट्ट्या मोजत म्हणाली.

"कसली इंजिनं?" बाबा म्हणाले. "ती केव्हाच काढली. तिथे दालन केलंय खाली, नुसता रंग आणि दिवे. बघत राहशील."

मामाचा चिमटा हवेतच थांबला. "आणि त्याच्या बदल्यात पोटात काय घातलंत?"

"काय घालणार? मोकळी जागा हवी होती त्यांना."

"डोलतं कसं मग?"

"झकास. पूर्वी नुसतं डचमळायचं. आता कसं पाळण्यासारखं, हळूच जातं, हळूच येतं. साहेब तर सगळ्यांना तेच सांगत असतात, कोणाला गरगरणार नाही म्हणून."

मामानं टबात पाणी सोडलं आणि भिंगरीकडे नुसतं पाहिलं. तिनं एकेक करून शिश्याच्या पट्ट्या बाहेर काढल्या.

आधी, शिसं असताना, नौकेला बोटानं ढोसलं की ती "एक, दोन" म्हणेपर्यंत ताठ उभी राहायची. आता भिंगरीनं ढोसलं. एक, दोन, तीन, चार. नौका कलली ती कललीच, परत यावं की नाही याचा विचार करत असल्यासारखी. पाच. सहा. मग आली.

"आळसावली," मामा हळूच म्हणाला. "जहाजानं आळस केला की मला भीती वाटते. ताठ जहाज भांडतं. आळशी जहाज ऐकून घेतं."

तीनशे माणसांचे झाले अठरा ग्रॅम. मामानं तेवढी बारीक वाळू कागदाच्या पुडीत बांधली आणि वरच्या डेकच्या मधोमध ठेवली. नौका सरळ होती. मग त्यानं चिमट्यानं पुडी कठड्यापर्यंत सरकवली. नौका कलली, थांबली, भाषण विसरलेल्या माणसासारखी उभी राहिली. खालच्या एका गोल खिडकीतून आवाज आला, "गुळूक." आणि ती निवांतपणे उलटी झाली.

खोलीत कोणी हललं नाही. कवळ्या तेवढ्या हसत होत्या.

"टबातलं आहे ते," बाबा म्हणाले. "गोंद जास्त झाला असेल."

मामानं पुन्हा केलं. पुन्हा "गुळूक". तिसऱ्यांदा पुडी बाबांनी स्वतःच्या हातानं सरकवली, सावकाश, एखादा सांधा जोडावा तशी. मग ते टबाच्या काठावर बसले.

"सोमवारपासून पाण्याच्या बाजूला जराशी झुकलीय. साहेब म्हणाले, दोर आवळा. आवळले. सरळ झाली."

"दोर धक्क्याकडे ओढतात, दाजी," मामा म्हणाला. "उद्या ती धक्क्याकडेच झुकली, तर कोण धरणार?"

गुरुवारी बाबा साहेबांकडे गेले आणि अर्ध्या तासात परत आले. मंजुरीचा कागद भिंतीवर लावला होता म्हणे, चौकटीत, शिक्क्यासकट. त्यावरची तारीख इंजिनं काढायच्या आधीची होती. बाबांनी बोट ठेवून दाखवलं. साहेब म्हणाले, "न्हाणीघरातल्या खेळण्यासाठी मी कार्यक्रम रद्द करू? आणि पोरीला माईक दिलाय, ते विसरलात वाटतं."

शुक्रवारी भिंगरी मोठ्या बाईंकडे गेली. सगळं सांगितलं, टनाला ग्रॅमसकट. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवला.

"पहिल्यांदा माईकवर बोलताना असं होतं गं. पोटात गोळा येतो, नाही नाही ते सुचतं. पाणी पिऊन जा उद्या."

भिंगरीला आयुष्यात पहिल्यांदाच, अजिबात भीती वाटत नसलेल्या भाषणाची भीती घालवून मिळाली.

घरी बाबा म्हणाले, "आपण जायचं नाही. विषय संपला."

"आणि माझा वर्ग?"

बाबांनी बूट काढले, पुन्हा घातले. मग हत्यारांच्या पेटीतून त्यांनी ओळंबा काढला, दोरीला टांगलेला पितळी लोळा. "ही कुठल्या बाजूला जाते ते आपल्याला आधी कळलं पाहिजे," ते म्हणाले. "तू बोलणार तिथल्या खांबाला मी हा टांगून ठेवतो. मागे खडूची रेघ मारतो. लोळा रेघेवर असेल तोवर बोल."

"आणि सरकला तर ओरडू?"

"नाही," मामा म्हणाला. तो दारातच उभा होता. "ओरडलीस की सगळे उतरायच्या फळीकडे धावणार. फळी धक्क्याच्या बाजूला. अठरा ग्रॅम एका कठड्याला."

शनिवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. नौका राखाडी रंगात चकचकत होती, आणि धक्का आणि ती यांच्यामध्ये चार हात हिरवं पाणी होतं. भिंगरीनं प्रतिकृती जहाजावर चढवूच दिली नाही. धक्क्यावर एका टेबलावर मांडून मामा तिच्यामागे पहाऱ्याला उभा राहिला. वरचा डेक खुर्च्यांनी आणि पोरांनी फुलून गेला होता. बाबा फळीच्या तोंडाशी होते.

एक लाँच लांबून गेली. नौका हलली. भिंगरी मोजू लागली. एक, दोन, तीन. शेजारी मोठ्या बाई म्हणाल्या, "किती छान वाटतंय ना, झोपाळ्यासारखं." सात. आठ. नऊ. लोळा रेघेकडे आला, पण जरासा अलीकडेच थांबला.

साहेबांनी तिला माईक दिला. ती तोंड उघडते न उघडते तोच धक्क्यावरून फोटोग्राफरनं हात हलवले. "सगळ्यांनी कठड्याला या. इकडे बघा. आणखी पुढे."

खुर्च्या सरकल्या. पोरं उठली. लोळा रेघेपासून एक बोट सरकला. मग दोन.

भिंगरीनं माईक तोंडाशी धरला आणि बोलायला लागली, अगदी सहज, मामाच्या खोलीत गप्पा मारतात तसं.

"फोटो नंतर. आधी एक गुपित सांगते, पण बसलेल्यांनाच. जो उभा राहील त्याला मी शाळा संपेपर्यंत बोलून बोलून बेजार करीन, आणि मी किती बोलते ते माझ्या वर्गाला विचारा."

हशा झाला. वर्ग बसला. वर्ग बसला म्हणून बाकीची पोरं बसली. कठड्याला मोजकी माणसं उरली. लोळा दोन बोटांवर थांबला, परतला नाही.

"गुपित या नौकेच्या पोटात आहे," भिंगरी म्हणाली. "ते प्रतिकृतीत दिसतं, आणि प्रतिकृती माझ्या मामाकडे आहे, खाली. मामा मोठा चिक्कू आहे. एका वेळी दहाच जणांना दाखवतो. धावलं तर दाखवत नाही. पहिले दहा, त्या कठड्याचे, चला. सावकाश. बाकीच्यांना मी तोवर सुरुंग कसे वेचायचे ते सांगते."

पहिले दहा गेले. फळीवर बाबा एकेकाचा हात धरून मोजत होते. दुसरे दहा. भिंगरी बोलत होती. दोर, कप्पी, तोफ, स्वयंपाकघर, खलाशांचे पायमोजे, जे आठवलं ते आणि जे आठवलं नाही तेही. डोळा लोळ्यावर. अडीच बोटं.

साहेब कानाशी आले. "काय चाललंय हे? फीत कापायची राहिलीय."

"आणि आता," भिंगरी माईकमध्ये म्हणाली, "पुढच्या दहांचं नेतृत्व साहेब करतील."

टाळ्या पडल्या. साहेबांना हसत जावं लागलं.

बावीस मिनिटं ती बोलली. लोळा तीन बोटांवर गेला तेव्हा वर ऐंशी माणसं होती. रिकाम्या खुर्च्या स्वतःहून कठड्याकडे घसरू लागल्या तेव्हा चाळीस होती. त्यांच्यातलं कोणी तरी म्हणालं, "अरे, खुर्ची चाललीय बघ," आणि पुन्हा हशा झाला. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लोळ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे, मग भिंगरीकडे. त्यांनी उरलेल्या पोरांच्या दहा-दहाच्या ओळी लावल्या आणि शेवटच्या ओळीच्या मागे स्वतः उभ्या राहिल्या.

शेवटी भिंगरी उतरली. तिच्यामागे बाबा. फळी आता जहाजाकडे इतकी उतरती झाली होती की ते दोघं धक्क्यावर चढून आले.

धक्क्यावर नुसता गोंगाट होता. मामाभोवती गर्दी, फोटोग्राफरची हाकाटी, आणि साहेब घड्याळ दाखवत म्हणत होते, "पाहिली ना सगळ्यांनी? चला आता परत वर, कार्यक्रम राहिलाय."

कोणी तरी फळीकडे पाऊल टाकलं. बाबांनी हात आडवा केला.

"थांबा," ते म्हणाले. "जहाजावर कोणी नाहीये. बघा सरळ होतंय का."

मग एकेक जण गप्प झाला. तीनशे माणसांनी मान वळवली. रिकामी नौका धक्क्याकडे झुकलेली होती, ऐकून घेत असल्यासारखी. आवळलेले दोर सैल पडून पाण्याला टेकले होते. खालच्या गोल खिडक्यांची रांग हळूहळू, अगदी हळूहळू पाण्याजवळ येत होती.

भिंगरीनं बाबांची बाही धरली. ती मनात मोजत होती. सात. आठ. नऊ. दहा.

"गुळूक," खिडकी म्हणाली.