सत्त्याऐंशी पुस्तकांचं कपाट

कपाटाला तीन फळ्या होत्या. वरच्या फळीवर चौतीस पुस्तकं, मधल्या फळीवर एकतीस, खालच्या फळीवर बावीस. एकूण सत्त्याऐंशी. त्यांतली बावन्न अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. फाटलेलं पान एकही नाही. तनुजा साळवे यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडे तेच आले.

त्यांची स्वतःची बाराही पुस्तकं वेष्टनातच होती.

संभाजीनगरच्या एका शाळेत शिकवता शिकवता तनुजाबाई मुलांसाठी लिहायला लागल्या. पहिली गोष्ट त्यांनी वर्गात वाचली, तेव्हा त्यातल्या कोल्ह्यासाठी सोमनाथ नावाचा मुलगा ढसाढसा रडला होता. पुढे तोच पाचोडच्या पलीकडं एका वस्तीवरच्या शाळेत मुख्याध्यापक झाला आणि दर दिवाळीला बाईंना मुलांच्या पत्रांचा गठ्ठा पाठवू लागला. 'तुमचं पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी आलं.' अकरा वर्षं! लिहिताना हात अडला, की बाई तीच पत्रं काढून बसायच्या. आज त्या पत्रांतल्या मुलांना भेटायला त्या न कळवता आल्या होत्या.

पाचवीतल्या रूपाला त्यांनी जवळ बोलावलं. "कोल्ह्याची गोष्ट आवडली ना तुला? कुठं रडू आलं?"

रूपा शेजारी उभ्या असलेल्या सोमनाथ सरांकडं बघायला लागली. "कोणता कोल्हा? पत्र सरांनी फळ्यावर लिहून दिलं व्हतं. आमी उतरवून घेतलं."

"सोमनाथ!"

"बाई, ऐका तरी. पुस्तक फाटलं तर तपासणीत शेरा बसतो. अन् पत्रं वाचून तुम्हाला बरं वाटायचं..."

"मला बरं वाटावं म्हणून फसवलंस? तू? त्या कोल्ह्यासाठी रडलेला तू?"

सर हातातली कपाटाची किल्ली चाळवत राहिले. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या आवडाबाई पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या.

"सर, एक इचारू का? हे पातेलं रोज करपतं, रोज घासावं लागतं. चकचकीत ऱ्हावं म्हणून म्या लेकरं उपाशी ठेवली का कधी?"

"आवडाबाई, पुस्तक म्हणजे पातेलं नाय."

"कसं नाय? दोन्हीतलं लेकरांसाठीच हाय ना!" मग त्या तनुजाबाईंकडं वळल्या. "अन् ताई, राग मानू नका. अकरा साल नुसती पत्रं वाचली तुमी. पाचोडला एस्टी तर रोज येती."

ते मात्र वर्मी लागलं. पत्रांवर त्या भाळल्या होत्या; ती लिहिणारी मुलं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली होती.

"कपाट उघडं ठेव, सोमनाथ," त्या शेवटी म्हणाल्या. "मी तुला माफ केलंय, असं मात्र समजू नकोस."

सरांनी किल्ली रूपाच्या हातात ठेवली. "घे. आजपासून तुझ्याकडं. शेरा बसला तर बसू दे!"

मंडळी, आपल्याही गावच्या शाळेत असं एखादं कपाट असेल. जाऊन बघा. मुलांसाठी आणलेलं पुस्तक मुलांपासूनच जपून ठेवणं ही त्यांची फसवणूक आहे, आणि आपण कागदावर समाधान मानलं, की त्या फसवणुकीत आपणही सामील होतो.

त्या दिवाळीला पत्र एकच आलं, रूपाचं. 'कोल्हा मेला ते मला पटलं नाही. शेवट बदला.' खाली सरांनी मोजणी लिहिली होती. एकूण पुस्तकं सत्त्याऐंशी. कपाटात एकोणीस, मुलांच्या घरी पासष्ट, हरवलेली तीन. खिचडीचे डाग पडलेली चौदा. फाटलेली पानं एक्केचाळीस.